पाच नंबरच्या लाइनचं कुलूप

सोमवार, १ सप्टेंबर

पोचलो एकदाचा. स्फाक्सहून पहाटे निघालेल्या वडाप गाडीत आठ माणसं, एक शिलाई मशीन आणि मी. मशीनचं पायडल माझ्या गुडघ्यावर, आणि मशीनवाली बाई मलाच विचारतेय, की तुला लागत तर नाही ना. पण बीर सल्लाम गावची खजुरांची रांग दिसली आणि पुढे ते मिठाचं मैदान, पांढरंशुभ्र, पार आभाळाला टेकलेलं, तेव्हा सगळा शीण उतरला.

उपकेंद्र गावाच्या बाहेर, मैदानाच्या कडेला आहे. एक नियंत्रण कक्ष, बाहेर यार्ड, सात लाइन, आणि माणसं किती, तर दोन. मी आणि लजहरकाका. काका ऑपरेटर आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे, मिशी पांढरी आणि भुवया काळ्याभोर. मी तंत्रज्ञ, म्हणजे रिले, मीटर, ब्रेकर, जे बिघडेल ते माझं. स्फाक्सचा आहे म्हटल्यावर काका म्हणाले, वा, म्हणजे आता इथे पहिल्यांदाच काहीतरी काम होणार, आणि चहात बदाम मोजून पडणार. आम्हा स्फाक्सवाल्यांची कष्टाळू आणि चिक्कू अशी कीर्ती आमच्या आधी पोचलेली असते, मी हसलो.

सध्या नियंत्रण कक्षाशेजारच्या खोलीत झोपायचं. बायकोमुलीसाठी घर आहे, दक्षिणेच्या बागांपाशी, दोन खोल्या आणि अंगण. पण त्या बाजूला वीज नाही. ती पाच नंबरच्या लाइनवर आहे आणि पाच नंबरची बंद असते. जिल्ह्याच्या साहेबांनी सरळ सांगितलंय, लाइन चालू कर, घराची किल्ली घे. झोहराला सातवा महिना लागलाय. ती आईकडे आहे आणि रोज विचारते, की कधी. इस्राने नव्या घरासाठी चित्र काढून दिलंय. ते मी वहीत ठेवलंय. लवकरात लवकर भिंतीवर लावायचं, बास.

गुरुवार, ४ सप्टेंबर

जागा मस्त आहे. अव्यवस्था मात्र बघवत नाही. रिलेंवर बोटभर धूळ, हत्यारं कुठेही पडलेली. तीन दिवस नुसतं झाडलं, पुसलं, प्रत्येक रिले तपासणी संचाला लावून बघितला. सगळे ठणठणीत निघाले. काका बाजूला बसून बघत होते आणि म्हणत होते, की बाबा, तू लग्नाआधी मुलीलाही असंच तपासलं असशील.

मबरूकाबाई रोज सकाळी येऊन झाडलोट करतात, दुपारचं जेवण ठेवतात. विधवा आहेत. दक्षिणेला त्यांची बहात्तर झाडांची खजुराची बाग आहे. मला इंजिनिअरसाहेब म्हणतात. मी दोनदा सांगितलं, की मी इंजिनिअर नाही, तंत्रज्ञ. त्या म्हणाल्या, इंजिनिअर येतो तो फोटो काढून जातो, तू पुसतोयस, म्हणजे तूच मोठा.

मैदानापलीकडे गोड पाण्याची खोल विहीर आहे, तिचा पंपही पाच नंबरच्याच लाइनवर. लाइन बंद पडल्यापासून बागा इथल्या खाऱ्या पाण्यावर जगतात. झाडांचे शेंडे पिवळे पडलेत. बाई म्हणाल्या, यंदाच्या तोडणीआधी पाणी नाही आलं तर बाग तोडून सरपण विकीन. हे त्या हसत हसत म्हणाल्या, पण मला ते हसणं नाही आवडलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज कळलं पाच नंबरची बंद का आहे. कळलं, आणि हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

आमच्या धंद्यातली पद्धत अशी, की लाइनवर काम करायला जाणारा माणूस परमिट घेतो. वहीत नाव, वेळ, जागा. मग ब्रेकरच्या, म्हणजे लाइन चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या, मुठीला स्वतःचं कुलूप लावतो, त्याला स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला, किल्ली स्वतःच्या खिशात. काम संपवून परत आला, की वहीत एक छापील ओळ असते तिच्याखाली सही करतो: ‘मी परत आलो. लाइनवर माझा माणूस नाही, माझं सामान नाही.’ मग स्वतःच्या हाताने कुलूप काढतो. त्याशिवाय कोणी, अगदी मंत्री आला तरी, लाइन चार्ज करत नाही, म्हणजे तिच्यात वीज सोडत नाही. चांगली पद्धत आहे. याच पद्धतीमुळे ही वही लिहायला माझे दोन्ही हात शाबूत आहेत.

पाच नंबरच्या ब्रेकरला गंजलेलं एक कुलूप आहे. बिल्ल्यावर नाव: बशीर. अकरा वर्षांपूर्वी दुपारी बारा दहाला परमिट घेऊन तो एक्केचाळीस नंबरच्या खांबावर गेला, मैदानाच्या मधोमध, इथून सहा पूर्णांक दोन किलोमीटर. परत आला नाही. गाडी सापडली, शिडी सापडली, बशीर नाही. मिठाची साय कुठेकुठे पातळ असते, खाली चिखल. गेला असेल आत. पण प्रेत नाही, म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून परमिट बंद नाही. लजहरकाका रोज सकाळी त्याच्या नावापुढे लिहितात: काम चालू. अकरा वर्षं. मी पानं उलटून पाहिली, एकही दिवस चुकलेला नाही.

आणि चहा. काका रोज तीन पेले ओततात, मला वाटायचं तिसरा पेला मबरूकाबाईंचा. नाही. काका म्हणाले, परमिट उघडं आहे तोवर माणूस ड्यूटीवर आहे, ड्यूटीवरच्या माणसाला चहा नको का? तो पेला थंड होतो, काका तो अंगणातल्या डाळिंबाला घालतात.

दुपारी बारा दहाला वायरलेस खरखरला. काकांनी माईक उचलला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “लाइन बंद आहे बशीर. काळजी करू नकोस.” मग ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, तो विचारतो रोज. मी म्हटलं, काका, ती नुसती खरखर आहे. दुपारी मीठ तापतं, त्याने होते. ऐकू नका, सरळ बंद करा. त्यांनी खरखर तशीच चालू ठेवली. पण मला त्यांची दया आली, खरंच आली.

सोमवार, १५ सप्टेंबर

साहेबांचा फोन. गुरुवारपर्यंत पाच नंबरची चार्ज झाली पाहिजे, तोडणीआधी वर कुणाला तरी आकडे दाखवायचेत. मी म्हटलं कुलूप आहे. ते म्हणाले, मालक गैरहजर असेल तर कुलूप कापायचा फॉर्म आहे, भर की. आणि परमिट? तेवढं वहीत नीट दिसू दे, म्हणाले. नीट म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

फॉर्ममध्ये तीन चौकटी आहेत. एक, माणसाला फोन केला. दोन, कामाच्या जागेवर जाऊन शोधलं. तीन, तिथे उभं राहून त्याला नावाने तीन हाका मारल्या. तिसरी चौकट वाचून मी चहा सांडला. काकांना दाखवली, तर ते गंभीरच. म्हणाले, ती जुन्या लोकांनी घातलीय, हसू नकोस, एक्केचाळीसवर जा, हाका मार, त्याला सांग लाइन चालू होतेय, मग काप.

ऊन बेचाळीस अंश. सहा किलोमीटर मीठ. मी जाणार होतो? मी मेजाशी बसून तिन्ही चौकटींत खुणा केल्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

झालं काम. सकाळी रद्दीच्या कागदावर बशीरची सही गिरवली. साधी सही आहे, शेवटी एक शेपूट वर वळतं. दहा-बारा वेळा केल्यावर जमली. मग वहीत त्या छापील ओळीखाली केली. ‘मी परत आलो.’ काकांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली, ते नाही म्हणाले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अकरा वर्षं मी त्याला सांगत आलोय, लाइन बंद आहे. आता काय सांगू?” आणि नमाजाला गेले.

कुलूप एका दणक्यात तुटलं, आतून मीठ सांडलं. बिल्ला मी खणात टाकला. साडेअकराला लाइन चार्ज केली. पडली नाही. धरली. संध्याकाळी मबरूकाबाईंनी ताटभर कुसकुस आणलं, वर उंटाचं मटण. पाटातून गोड पाणी आलं म्हणून त्या बोलता बोलता रडल्या आणि मग रडल्याबद्दल मलाच रागावल्या. घराची किल्ली उद्या मिळणार. झोहराला फोन केला, ती दोन ऑक्टोबरला येते.

बारा दहाला एकदा ट्रिप झाली, म्हणजे रिलेने बिघाड समजून लाइन आपोआप तोडली, ते राहिलंच लिहायचं. लगेच परत चार्ज केली, धरली. पहिल्या दिवशी होतं असं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज पुन्हा बारा दहाला ट्रिप. रिले बिघाडाचं अंतर दाखवतो: ६.२ किलोमीटर. कालची नोंद काढून बघितली. तीही ६.२.

योगायोग. तिथला एखादा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला असेल, दुपारी तापला की गळत असेल. दुर्बिणीतून काय दिसणार, सगळीकडे नुसती झळाळी. सोमवारी बघू.

सोमवार, २२ सप्टेंबर

बारा दहा. पण अंतर ५.० किलोमीटर.

बिघाड जागा बदलत नाही. तडकलेला इन्सुलेटर चालत नाही. म्हणजे रिले चुकतोय. दिवसभर खपून रिले तपासला, चाळीस वेळा खोटा बिघाड घालून पाहिला, चाळीसही वेळा अंतर बरोबर. मला राग आलाय. यंत्र बिघडलेलं असलं की मला बरं वाटतं, तेव्हा काय करायचं ते माहीत असतं.

काकांनी तिसरा पेला ओतणं बंद केलंय. परमिट बंद झालं ना, म्हणाले. पण आज चहानंतर ट्रेमध्ये पेले तीन होते. तिसरा रिकामा, तळाशी साखर, आणि काठावर ओठ टेकतात तिथे पांढरं मीठ. मी काकांकडे बघितलं. त्यांनी पेला विसळला, माझ्याकडे बघितलंच नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

३.१ किलोमीटर. तिथे मैदान संपतं आणि बागा सुरू होतात.

साहेबांना फोन केला. म्हणाले, दिवसातून एकदाच ट्रिप होते ना, पाणी येतंय ना, मग भुईतून भुतं कशाला उकरतोस. ते आपलं बोलायचं म्हणून बोलले.

माझा निळा डगला खुंटीवर नाही. माझ्या नावाचा पितळी बिल्लाही नाही. मबरूकाबाईंनी नेला नाही, मी विचारलं. त्या आता आत येत नाहीत, जेवण दारात ठेवतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, मी फरशी पुसते आणि मागे वळेपर्यंत कोणीतरी मिठाच्या पायांनी चालून जातं, तुम्ही दोघे पाय पुसत जा की जरा. काकांच्या पायात चपला असतात. माझ्या पायात बूट. ठसे अनवाणी होते.

शनिवार, २७ सप्टेंबर

१.९.

काका वायरलेस बंद करत नाहीत. बारा दहाला खरखर होते, ते माईक हातात घेतात, ओठ हलतात आणि माईक ठेवून देतात. आज मी विचारलं तो काय म्हणतो. काका म्हणाले, आता काही विचारत नाही. नुसतं चालल्याचा आवाज येतो.

मी ओरडलो त्यांच्यावर. वडिलांच्या वयाच्या माणसावर. म्हटलं, खरखर आहे ती, खरखर, काही ऐकायचं नाही, मी सांगतो म्हणून ऐकायचं नाही. ते बरं म्हणाले. मग मला लाज वाटली. मी घाबरलोय. लिहून टाकतो म्हणजे एकदाचं लिहिलं जाईल. मी घाबरलोय.

सोमवार, २९ सप्टेंबर

०.८.

०.८ ला आमचं घर आहे. अंगणाच्या भिंतीबाहेर सहा नंबरचा खांब. काल मी तिथे इस्राचं चित्र भिंतीवर लावलं. संध्याकाळी गेलो तर चित्र खाली, आणि उंबऱ्यावर मीठ, आतल्या बाजूला. कुणीतरी उभं राहून घर बघून गेल्यासारखं.

झोहराला फोन केला, म्हटलं येऊ नकोस. का? काय सांगू. लाइन ट्रिप होते म्हटलं. ती हसली. म्हणाली, मी तुझ्याशी लग्न केलंय, लाइनशी नाही, सामान बांधून झालंय. मिठाच्या मैदानाला मी पांढरा समुद्र म्हणालो होतो, इस्रा मागून ओरडत होती, की बाबा, समुद्र पांढरा आहे का खरंच.

बुधवार, १ ऑक्टोबर

परमिटच्या वहीचं शेवटचं पान. कोरं असायला हवं होतं. वरपासून खालपर्यंत सही — माझी. पहिल्या ओळी वेड्यावाकड्या, लहान मुलाने गिरवाव्यात तशा. खाली खाली सुधारत गेलेली. शेवटच्या चार मला ओळखता येत नाहीत — म्हणजे माझ्याच वाटतात. प्रत्येकीच्या शेवटी फक्त शेपूट किंचित वर वळतं.

काकांना दाखवली. त्यांनी शेवटच्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, तू लिहून दिलंस, की तो परत आला. तो तुझा शब्द खरा करतोय, दुसरं काय. विचारलं, आता काय करू. म्हणाले, जे करायचं होतं ते. लाइन बंद कर, स्वतःचं परमिट घे, स्वतःचं कुलूप लाव, एक्केचाळीसवर जा, हाका मार. माफी माग. चौकटी खऱ्या कर.

गुरुवार, २ ऑक्टोबर

०.०.

झोहरा दुपारी आली. पाय सुजलेत, पण घर आवडलं. माझ्याकडे बघून म्हणाली किती वाळलास. अंधार पडल्यापासून दाराशी बसलोय. काही नाही. कोणी नाही. हेच जास्त वाईट.

उद्या जातो. उद्या संपवतो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी ९.३०. सगळं पद्धतशीर केलं. परमिट घेतलं, जागा एक्केचाळीस, माझ्या हाताने. पाच नंबरच्या ब्रेकरला माझं कुलूप. बिल्ला हरवलाय, म्हणून पुठ्ठ्यावर नाव लिहून लावलं. किल्ली पँटच्या उजव्या खिशात. काकांनी कुलूप ओढून बघितलं, साक्षीची सही केली. निघताना म्हणाले, तू स्वतः येऊन माझ्यासमोर सही केल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही, तुझ्या लेकीची शपथ. म्हातारा माझ्या गालावर हात फिरवून गेला. झोहरा अंगणात कपडे वाळत घालत होती, गाडी बघून हात केला. तिला संध्याकाळी समुद्र दाखवायला नेणार आहे, पांढरा.

११.१५. एक्केचाळीस. गाडी एकोणचाळीसला सोडली, पुढे जमीन चाकाखाली दबते. वारा नाही. तीन हाका मारल्या. बशीर. बशीर. बशीर. म्हटलं, मला माफ कर, मी आळस केला, मी खोटी सही केली. काही नाही. आवाज परतसुद्धा आला नाही.

मग पाऊलखुणा दिसल्या. अनवाणी. खांबापासून उपकेंद्राकडे. एकच रांग, जाणारी. येणारी एकही नाही.

तो इथे नाहीच. मला आधीच कळायला हवं होतं — शून्य अंतर म्हणजे तो उपकेंद्रातच, तिकडे. मी त्याला इथे शोधायला आलो आणि तिकडे सगळं त्याच्यावर सोडून आलो.

वर आडव्या लोखंडावर काहीतरी चमकतंय. माझा बिल्ला आहे. माझं नाव इथून वाचता येतं. तो तिथे राहू देऊन परत गेलो तर माझं नाव इथेच राहील. पाच मिनिटांचं काम आहे. लाइन बंद आहे, कुलूप माझं, किल्ली माझी.

११.४०. वरून लिहितोय. बिल्ला सोडवला, खिशात टाकला. खांबाला अडकवलेल्या कमरपट्ट्याची कडी उघडत नाही. मीठ धरलंय तिला, सकाळी नवी कोरी होती. पक्कड खाली पडली. घाबरायचं नाही. काकांना वायरलेसवर सांगितलं, गाडी पाठवा, अडकलोय. खरखर आली फक्त. गाडी येईपर्यंत लिहितोय. लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

११.५५. काका बोलले. स्पष्ट ऐकू आलं, शब्दन् शब्द. मी म्हटलं, काका, मी नौफल, एक्केचाळीसवर, पट्टा अडकलाय. मग त्या मऊ आवाजात —

“बशीर, पोरा, पुरे आता. नौफल आला परत. माझ्यासमोर बसून सही केली, स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, चहा पिऊन घरी गेला. बारा दहाला चार्ज करा म्हणालाय. आणि तुझं काही ऐकायचं नाही म्हणालाय, नुसती खरखर आहे. खरं आहे त्याचं. मीच वेडा.”

आणि बंद केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

खिसा बघितला. किल्ली आहे. माझी नाही. जुनी, गंजलेली, मिठाने पांढरी.

१२.०३. फोनला रेंजची एक रेघ आहे. झोहरा. लागला. तिने उचलला. ओरडलो, लजहरकाकांकडे पळ, लाइन चार्ज करू नका म्हणावं, पळ. ती हॅलो हॅलो म्हणते. मला तिचं सगळं ऐकू येतंय. पाण्याचा आवाज. इस्रा हसतेय. ती फोनपासून तोंड फिरवून कुणाला तरी म्हणते, बघ रे, कोणाचा फोन आहे, काही समजतच नाही. पाय धुऊन झाले का तुझे, किती मीठ आणलंस घरात.

आणि मग आवाज. माझा. माझाच — मी बोलतो तसा —

“खरखर आहे. ठेव तो.”

ठेवला.

१२.०७. पट्टा दातांनी — नाही. नायलॉन आहे. हाताची कातडी गेली. उडी मारता येत नाही, पट्टा आहे. तारा दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर.

झोहरा तो मी नाही. सहीचं शेपूट बघ. वर वळतं. परमिटची वही बघा काका वही —

१२.०९. खाली कोणीच नाही. ही माझी वही खाली फेकतो. कुणाला सापडली तर वाचा, माझ्या हातचं आहे, शेपूट नाही —

मी परत आलेलो नाही. लाइनवर माणूस आहे. मी परत आलेलो नाही. लाइनवर मा